हातोडा खोटं बोलत नाही?

लिलाव या प्रकाराविषयी माझे मत चांगले नाही. त्यात माझे काही नुकसान झाले आहे असे नाही. लिलावात नुकसान व्हायला आधी खिशात काहीतरी असावे लागते. पण चार लोकांना एका दालनात बसवायचे, एकाने लाकडी हातोडा उगारून ‘एक वार, दोन वार’ करायचे आणि दोन श्रीमंतांची जिद्द जिथे संपेल त्या आकड्याला चित्राचे ‘मूल्य’ म्हणायचे, हे मला पटत नाही. त्याला चढाओढ म्हणा. मूल्य कसले?

माझे एक स्नेही लंडनला असतात. त्यांना तिथल्या जुन्या रेल्वे-पोस्टरांचा नाद आहे. ते म्हणतात, “अहो, टीकाकार खोटं बोलतो, प्रसंगी चित्रकारही बोलतो, पण हातोडा खोटं बोलत नाही!” हे ऐकले की मला त्यांचाच लाडका नॉर्मन विल्किन्सन त्यांच्यापुढे उभा करावासा वाटतो.

हे गृहस्थ १८७८ साली केंब्रिजला जन्मले आणि १९७१ साली वारले. मधली नव्वदाहून अधिक वर्षे त्यांनी बहुतेक समुद्राकडे बघण्यात घालवली. अव्वल दर्जाचे सागरचित्रकार. १९०५ च्या सुमारास त्यांनी रेल्वे कंपनीसाठी पोस्टरे काढायला घेतली. तोवरची रेल्वेची पोस्टरे म्हणजे लग्नातले रुखवत. चार चित्रे, दोन नकाशे, गाड्यांच्या वेळा, भाडे, सगळे एकावर एक रचलेले. विल्किन्सनसाहेबांनी ते सगळे आवरले. एकच मोठे दृश्य, भरपूर आकाश, भरपूर पाणी आणि खाली चार अक्षरे. १९२४ साली तर लंडन, मिडलंड अँड स्कॉटिश रेल्वेसाठी त्यांनी रॉयल अकॅडमीच्या मोठमोठ्या चित्रकारांना पोस्टरे काढायला लावले. ज्याने जन्मात चित्रसंग्रहालयाची पायरी चढली नाही, त्यालाही गाडीची वाट पाहता पाहता उत्तम चित्र फुकटात बघायला मिळू लागले.

आता हे पोस्टर लिलावात आले की काय होते पाहा. तज्ज्ञ आधी फूटपट्टी काढतो. पन्नास इंच रुंद आणि चाळीस इंच उंच हे नेहमीचे आडवे माप. कडा कापलेल्या असल्या की भाव उतरला. मग भिंग. जुनी शिळाछापाची छपाई आहे की अलीकडच्या नकलेचे सारखे ठिपके दिसतात? घडीच्या खुणा आहेत का, मागे कापड डकवले आहे का? मग सही. कारण त्याच काळात नॉर्मन विल्किन्सन नावाचा दुसराही एक कलावंत होता, नाटकांचे नेपथ्य करणारा. घोटाळा नको म्हणून तो बिचारा आपल्या नावापुढे ‘फोर ओक्सचा’ असे गावाचे नाव लावीत असे. आपल्याकडे एकाच वाड्यात दोन जोशी असले की करतात तसे.

इथवर ठीक आहे. ही पारख झाली, आणि पारखी माणसाबद्दल मला आदर आहे. पण पुढे? पोस्टरात गोल्फचे मैदान असेल तर भाव चढतो, कारण गोल्फवाल्यांकडे पैसा असतो. त्याच हाताने काढलेले पावसाळी आकाश मागे पडते, कारण पावसाचे शौकीन सहसा कफल्लक. चित्रकाराने आकाशापेक्षा काठीवर जास्त मेहनत घेतली होती काय?

आणि दुर्मिळपणा? पोस्टरे छापली चिकटवण्यासाठी. जुन्यावर नवे चिकटले की जुने गेले. आज उरली ती बव्हंशी न चिकटवलेली. म्हणजे या मूल्याचा एक शिल्पकार विल्किन्सन, आणि दुसरा तो कामचुकार पोऱ्या, ज्याने नेमून दिलेला गठ्ठा कपाटामागे ढकलून दिला!

विल्किन्सनसाहेबांचा खरा पराक्रम १९१७ सालचा. जर्मन पाणबुड्या इंग्रजांची जहाजे धडाधड बुडवीत होत्या. समुद्रात जहाज लपवता येत नाही हे यांनी ओळखले आणि उलटेच केले. जहाजांवर काळेपांढरे, निळे, वेडेवाकडे पट्टे ओढायला लावले. हेतू लपण्याचा नव्हताच. जहाज दिसावे, पण ते कुठे आणि किती वेगाने चालले आहे ते शत्रूला कळू नये.

लिलावाच्या यादीत मला तेच पट्टे दिसतात. ‘अंदाजे किंमत’ छापलेली असते, पण ती पुष्कळदा मुद्दाम कमी ठेवतात, मासा गळाशी यावा म्हणून. हातोडा पडला की ग्राहकाचे अधिमूल्य वेगळे. लंडनच्या दोन मोठ्या पेढ्यांनी, सदबीज आणि क्रिस्टीज यांनी, १९७५ साली ते दहा टक्क्यांनी सुरू केले. आज पुष्कळ ठिकाणी ते पाव हिश्शाच्या घरात आहे. चार आण्यांची कोंबडी आणि एक आण्याचा नुसता मसाला! पुढे याच दोन पेढ्यांनी विकणाऱ्यांकडून घ्यायची दलाली आपसात संगनमताने ठरवल्याचे उघड झाले. २००१ साली अमेरिकेतल्या न्यायालयात सदबीजचे माजी अध्यक्ष दोषी ठरले, २००२ साली त्यांना शिक्षा झाली आणि दोघींना मिळून ग्राहकांना ५१ कोटी डॉलरांहून अधिक भरपाई द्यावी लागली. हातोडा खोटं बोलत नसेल हो. हातोडा धरणाऱ्यांचे काय?

स्नेही म्हणतात, “भाव आला म्हणून तर पोस्टरं वाचली, नाहीतर रद्दीत गेली असती.” हे मात्र खरे आहे. रद्दीवाल्यापेक्षा लिलाववाला बरा. पण भिंतीवर हजारोंनी पाहावे म्हणून काढलेले चित्र आज उजेडाने रंग उडेल या भीतीने खणात पालथे पडते आणि वर्षातून एकदा विमावाला तेवढा बघतो. ते वाचले म्हणायचे की अटकेत गेले?

विल्किन्सनसाहेबांचे एक मोठे तैलचित्र टायटॅनिकच्या धूम्रपानगृहात शेकोटीवर होते. ते १९१२ साली जहाजाबरोबर बुडाले. दुसऱ्या महायुद्धातल्या सागरी लढायांची चोपन्न चित्रे त्यांनी राष्ट्राला भेट दिली. आणि फलाटावरची चित्रे त्यांनी येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला दिली. एक समुद्राने नेले, बाकीची सर्वांची झाली. यांतल्या कशावरच हातोडा पडला नाही, आणि माणूस ओळखावा तो यांवरूनच.

तेव्हा लिलाव खुशाल करा. हौसेला मोल नसते म्हणतात. तुम्ही ते लावा, आकडा छापा, मसालाही वसूल करा. फक्त त्या आकड्याला किंमत म्हणा. मूल्य हा शब्द आमच्याकडे राहू द्या. आमच्याकडे दुसरे काही नाही.