आरंभ पायाच्या बोटांपासून

कराटेच्या प्रात्यक्षिकात लाथेची उंची प्रेक्षकांच्या नजरेत भरते. त्याआधीची पाऊण घटका मात्र सहसा कोणी पाहत नाही. ओकिनावा बेटावरील नाहा येथे मियागी चोजुन (१८८८-१९५३) यांनी कराटेची गोजू-र्यू ही शाखा घडविली. तिच्यातील पूर्वतयारीच्या व्यायामांना ‘जुन्बी उंदो’ म्हणतात आणि त्यांचा आरंभ पायाच्या बोटांपासून होतो. बोटे वर उचलणे, टाचा उचलून चवड्यांवर उभे राहणे, घोटे फिरविणे, मग गुडघे आणि खुबे, असा हा क्रम वर चढत जातो.

प्रथमदर्शनी हे बालिश वाटते. परंतु समोर मारावयाची लाथ अनवाणी पायाच्या चवड्याने बसते. त्या क्षणी बोटे मागे वळलेली नसतील, तर पहिला आघात त्यांच्यावरच येतो. ‘सांचिन’ या पवित्र्यात तर बोटांनी जमीन जणू धरून ठेवावयाची असते.

सुमोचे मल्ल ‘शिको’ करतात. एक पाय बाजूला उंच उचलून तो जमिनीवर आपटावयाचा, मग दुसरा. असे शेकडो वेळा. आपल्या तालमीतील बैठकांचीच ही दूरची बहीण म्हणावी.

मात्र जुने ते सर्वच जपावे असे नाही. ‘उसागी तोबी’, म्हणजे उकिडवे बसून सशासारख्या उड्या, हा प्रकार जपानमधील शालेय क्रीडापथकांत एकेकाळी सर्रास चाले. त्याने पाय बळकट होतात आणि चिकाटी अंगी बाणते, असा समज होता. पुढे त्याने गुडघ्यांना व नडगीच्या हाडांना इजा होते हे ध्यानी आले आणि त्याच देशात तो मागे पडला. आपल्याकडील काही वर्गांत मात्र उशिरा येणाऱ्या मुलांना बेडूकउड्यांची शिक्षा अद्याप मिळते! शुल्काची पावती नीट तपासणाऱ्या पालकांनी एक दिवस वर्गाच्या कोपऱ्यात बसून हेही पाहावे. अंग तापण्यापूर्वी मुलांचे पाय बळेच फाकविले जात असतील, तर शिक्षकांना विनयपूर्वक विचारावे. आधी चालणे, हलके धावणे, पाय झुलविणे. दीर्घकाळ धरून ठेवावयाचे ताण सरावानंतर, हा क्रम आता सामान्यतः मान्य आहे. वाढत्या वयातील मुलाच्या गुडघ्याच्या वाटीखालील उंचवटा दाबल्यावर दुखत असेल, तर उड्या तत्काळ थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.