फाइल माझी, शिक्का कंपनीचा

विंडोजवर फोल्डरचा आयकॉन बदलता येतो, शॉर्टकटचा बदलता येतो. फाइलचा बदलता येत नाही. जी गोष्ट आपण रात्र जागून लिहिली, तपासली, पुन्हा पुन्हा सेव्ह केली, नेमकी तिच्याच तोंडावर कोणतं चित्र असावं हे ठरवायचा हक्क आपल्याला नाही. तिथे वर्डवाल्यांचं निळं अक्षर, पीडीएफवाल्यांचं लाल चिन्ह कायमचं ठोकलेलं. ही मुजोरी आहे. ती मुजोरी वाटेनाशी व्हावी इतकी आपल्याला तिची सवय झाली आहे, याची मला जास्त चीड येते.

मी डीटीपीच्या धंद्यात आहे. दिवाळी अंकाच्या दिवसांत आमच्या एका फोल्डरमध्ये कथा, कविता, जाहिराती, अनुक्रमणिका, प्रूफ तपासून झालेली पानं आणि अजून न तपासलेली पानं असं सगळं एकत्र नांदतं आणि सगळ्यांचा चेहरा एकच. स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर हळद की तिखट हे न लिहिता डबा बनवणाऱ्या कारखान्याचं नाव कोरून दिलं, तर त्या कारखानदाराला कुणी दारात उभं करणार नाही. संगणकावर आपण ते पैसे मोजून घेतो.

यावर ठरलेलं उत्तर येतं: नाव वाचा की! हे उत्तर देणाऱ्यांनी मराठी छपाईच्या धंद्यात एक आठवडा काढावा. विंडोजला देवनागरी समजू लागली ती विंडोज २०००पासून. त्याआधी आणि त्यानंतरही कितीतरी वर्षं आम्ही श्री-लिपीसारख्या फॉन्टमध्ये मजकूर जुळवला. हे फॉन्ट पानाच्या आत मराठी दाखवत. फाइलला नाव द्यायची वेळ आली की रोमनच. म्हणून ‘कथा’, ‘लेख’, ‘कविता’ यांची रोमन स्पेलिंगं, पुढे एक-दोन-तीन, त्यापुढे न्यू, फायनल, फायनल-२. ती सवय अजून सुटलेली नाही, कारण जुन्या प्रोग्रॅमने झिप केलेल्या फोल्डरमधली देवनागरी नावं समोरच्याकडे उघडली की चौकोन आणि प्रश्नचिन्हं होतात, हे प्रत्येकाने सोसलेलं आहे. ज्याला इंग्रजी सहज वाचता येत नाही असा मुलगा आमच्या धंद्यात उत्तम पान लावतो. त्याला तपासलेल्या फाइलवर हिरवी खूण आणि न तपासलेलीवर लाल खूण हवी असते. मागणी एवढीच आहे. ती ‘नटवेपणा’ म्हणून उडवून लावणाऱ्यांनी स्वतः कधी दुसऱ्याच्या लिपीत दिवसभर काम केलेलं नसतं. छोटी चित्रं दाखवणारा प्रीव्ह्यू आहे ना, असंही सांगतात. फोटोंसाठी तो उपयोगी आहे. मजकुराच्या पानाचा प्रीव्ह्यू म्हणजे राखाडी रेघा, आणि सगळी पानं पुन्हा सारखीच.

हे करणं अवघड आहे, असंही नाही. ॲपलच्या सिस्टिम ७मध्ये १९९१ सालीच ही सोय होती: हवं ते चित्र कॉपी करायचं, फाइलची ‘गेट इन्फो’ची खिडकी उघडायची, वरच्या लहान आयकॉनवर क्लिक करून पेस्ट करायचं. त्या एका फाइलला तो आयकॉन लागला, बाकीच्या जशाच्या तशा. मॅकवर आजही हे याच पद्धतीने होतं. विंडोज एक्सपीमध्ये निदान ‘फोल्डर ऑप्शन्स’खाली फाइल टाइप्सचा टॅब होता, तिथे एका प्रकारच्या सगळ्या फायलींचा आयकॉन एकदम बदलता यायचा. व्हिस्टा आली तेव्हा तो टॅबही काढून टाकला. आता तेवढ्यासाठीसुद्धा रजिस्ट्रीत शिरून ‘डिफॉल्टआयकॉन’ नावाची नोंद हाताने बदलावी लागते, नाहीतर बाहेरचा कुठला तरी प्रोग्रॅम आणावा लागतो. असलेली सोय काढून घेणं याला सुधारणा म्हणायचं असेल तर म्हणा, मी म्हणणार नाही.

एकेका फाइलला वेगळी खूण लावायची तर ती साठवायची कुठे, हा बहाणाही चालणार नाही. इंटरनेटवरून उतरवलेल्या फाइलवर विंडोज स्वतः गुपचूप एक चिठ्ठी चिकटवतं, ‘झोन आयडेंटिफायर’ नावाची. एनटीएफएस डिस्कवर प्रत्येक फाइलला अशी जादा माहिती जोडायची सोय आहे. स्वतःला हवं तेव्हा ती वापरता येते. मालकाच्या खुणेसाठी मात्र जागा नाही! ही खूण पेन ड्राइव्हवर कॉपी करताना किंवा मेलने पाठवताना गळून पडेल, हे खरं आहे. मॅकवरची खूणही अनेकदा गळते. गळू दे. मला ती माझ्या टेबलावर हवी आहे.

मग लोक करतात काय, तर फाइलचा शॉर्टकट बनवून त्याचा आयकॉन बदलतात. असला शॉर्टकट पेन ड्राइव्हवर टाकून छापखान्यात गेलेली माणसं मी पाहिली आहेत. तिथे उघडायला गेलं की आत काही नाही, कारण एक-दोन केबीचा तो नुसता पत्ता होता. सरळ रस्ता बंद ठेवला की माणसं आडवाटेने जातात आणि पडली की त्यांनाच अडाणी ठरवलं जातं. मला हे संतापजनक वाटतं.

खरा अन्याय तर पुढेच आहे. माझ्या लेखाच्या फाइलला मी माझं चित्र लावू शकत नाही. पण कुणीही परका चोर त्याच्या .exe प्रोग्रॅमला हवं ते चित्र लावू शकतो. प्रोग्रॅमचा आयकॉन प्रोग्रॅमच्याच पोटात असतो आणि विंडोज तो निमूट दाखवतं. फोल्डरचं पिवळं चित्र लावा, पीडीएफचं लाल लावा, कुणी अडवत नाही. वर ‘ओळखीच्या फायलींची एक्स्टेन्शन लपवा’ ही सेटिंग विंडोजमध्ये आधीपासून चालूच असते, म्हणजे शेवटचं .exe दिसतही नाही. आपल्याकडच्या सायबर कॅफे आणि झेरॉक्सच्या दुकानांमधून पेन ड्राइव्ह फिरवणाऱ्या माझ्या पिढीला ‘न्यू फोल्डर डॉट exe’ नीट आठवत असेल. फोल्डरसारखा दिसणारा व्हायरस, क्लिक केलं की मशीन गेलं. त्यानंतरचा शॉर्टकट व्हायरस खरे फोल्डर लपवून त्यांच्या जागी तसेच दिसणारे शॉर्टकट मांडून ठेवायचा. मे २०००मध्ये ‘आय लव्ह यू’ जगभर पसरला तोही याच लपवाछपवीवर: नावात .TXT दिसत होतं, त्यामागचं .vbs दिसत नव्हतं. आणि २०१०मध्ये स्टक्सनेटने तर कळस केला. पेन ड्राइव्हवरचा फोल्डर उघडून शॉर्टकटचा आयकॉन नुसता पडद्यावर दिसला तरी घातक कोड चालू होत होता, क्लिक करायचीही गरज नव्हती. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये मायक्रोसॉफ्टने ते भोक बुजवलं. सोंग घेण्याची मुभा मात्र आजही तशीच आहे.

आयकॉन हे ओळखीचं साधन आहे, हे त्याच्या कारागिरांना पक्कं ठाऊक होतं. सुझन केअर यांनी १९८४च्या मॅकिंटॉशचे आयकॉन आलेखाच्या वहीवर बत्तीस बाय बत्तीस चौकटींत काढले. एक हजार चोवीस घरं, प्रत्येक काळं किंवा पांढरं. आणि त्या कचऱ्याच्या डब्याकडे बघून कुणाला शंका आली नाही. आता बघा. गुगलने २०२०मध्ये जीमेल, कॅलेंडर, ड्राइव्ह, मीट या सगळ्यांना तेच चार रंग फासले आणि एक टॅब दुसऱ्यापासून ओळखेनासा केला. ॲपलने २०२५च्या मॅकओएस टाहोमध्ये फोल्डरला रंग आणि इमोजी लावू दिले, ते चांगलं केलं. पण त्याच टाहोमध्ये गोल कोपऱ्यांच्या ठरीव चौकटीत न बसणारे इतरांचे आयकॉन राखाडी चौकटीत कोंबले. आकार हीच ज्यांची ओळख होती तेही एका साच्यात. वापरणाऱ्याची नजर काय शोधते याच्याशी या मंडळींना देणंघेणं उरलेलं नाही. दुकानाच्या पाट्या एका रांगेत दिसल्या की झालं.

म्हणून मागणी दोन गोष्टींची आहे आणि ती मी पुन्हा पुन्हा करणार. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये, जसं फोल्डरला आहे तसंच, ‘चेंज आयकॉन’चं बटण द्या. आणि बाहेरून आलेल्या प्रोग्रॅमला कागदपत्राचं किंवा फोल्डरचं सोंग घेऊ देऊ नका. त्याच्या आयकॉनवर तो प्रोग्रॅम आहे अशी न पुसता येणारी खूण सिस्टिमनेच लावावी. तोवर एक्स्टेन्शन दिसू द्या. विंडोज ११मध्ये फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’ मेनूत ‘शो’खाली ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ आहे, त्यावर टिक करायची. कॉम्प्युटर क्लासमध्ये पहिल्या तासाला वॉलपेपर बदलायला शिकवतात, त्याआधी हे शिकवा. आणि आयकॉन पॅक म्हणून कुणी .exe देत असेल तर ती उतरवू नका. आयकॉनसाठी साधी .ico फाइल पुरते.