पायी चालणाऱ्याला वगळून सुरक्षा कसली?

डिसेंबर २०२३ मध्ये नितीन गडकरींनी नागपुरात ठणकावून सांगितले की, चालकविरहित गाड्या मी भारतात येऊ देणार नाही. कारण दिले चालकांच्या रोजगाराचे. कारण खरे आहे. ज्याचे घर स्टिअरिंगवर चालते त्याने या कारणाला हसू नये. पण मला या घोषणेचीच काळजी वाटते. ‘येऊ देणार नाही’ म्हटले की ‘आली तर कोणत्या अटीवर’ हा प्रश्न आपण विचारतच नाही. त्या अटी दुसरीकडे लिहिल्या जात आहेत.

त्या लिहिल्या जातात जिनिव्हात. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाखाली वाहन नियमांचा एक जागतिक मंच आहे. त्याने जून २०२० मध्ये स्वयंचलित गाड्यांसाठी नियम क्रमांक १५७ मंजूर केला. वेग ताशी ६० किलोमीटरपर्यंत, मध्ये दुभाजक हवा, आणि पादचारी व सायकलस्वारांना बंदी असलेला रस्ता हवा. २०२२ मध्ये वेगाची मर्यादा १३० वर नेली. पहिले पाऊल सोप्या रस्त्यावर टाकले, यात गैर काही नाही. पण आता त्याच मंचावर चालकाशिवाय धावणाऱ्या गाड्यांचा व्यापक नियम घडतो आहे. शहरातल्या रस्त्यावर पादचाऱ्याला वगळायचे कसे?

या नियमांत एक मापदंड वारंवार येतो: सक्षम आणि काळजी घेणारा मानवी चालक. माझा प्रश्न असा की, हा चालक कुठला? आपल्याकडचा चांगला चालक जाणतो की रस्त्यावर चेंडू आला म्हणजे मागून मूल येणार. जुम्याची नमाज सुटली की मशिदीसमोर गर्दी होणार. गाळपाच्या हंगामात अंधारात पुढे चाललेल्या उसाच्या ट्रॉलीला मागचा दिवा नसणार. २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांत सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचे आणि जवळपास २० टक्के पायी चालणारे. ज्या परीक्षेत ही माणसे नाहीत, ती परीक्षा आपल्या काय कामाची?

हे नुसते तर्कट नव्हे. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेतल्या टेंपी शहरात उबरच्या चाचणी-गाडीने सायकल हाताने ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईला ठार केले. धडकेच्या ५.६ सेकंद आधी ती यंत्राला दिसली होती. यंत्र तिला कधी गाडी समजले, कधी सायकल, कधी ‘इतर’. झेब्रा क्रॉसिंग सोडून माणूस रस्ता ओलांडू शकतो, हे त्या प्रणालीत गृहीतच धरलेले नव्हते. मग हा नियम लावला तर आपले अख्खे गाव ‘इतर’ ठरेल!

आणि शिक्षा कोणाला झाली? कंपनीवर फौजदारी खटला झाला नाही. गाडीत देखरेखीला बसलेली, मोबाइल पाहणारी कर्मचारी दोषी ठरली. तिची चूक होतीच. पण यंत्र बनवणारा मोकळा सुटला. लहानपणी हजरत उमर यांची गोष्ट ऐकली होती. इराकात एखादे खेचर जरी ठेचकाळले, तरी रस्ता नीट का केला नाही, याचा जाब मला अल्लाहला द्यावा लागेल, असे त्यांना वाटे. सत्तेची जबाबदारी म्हणजे काय, ते मी या गोष्टीतून शिकलो.

कोणी म्हणेल, माणूस दारू पितो, पेंगतो. यंत्र पेंगत नाही. मान्य. यंत्रामुळे जीव वाचणार असतील तर मी त्याच्या बाजूचा आहे. पण हिशेब उघडा हवा. ऑक्टोबर २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत क्रूझ कंपनीच्या गाडीने, दुसऱ्या वाहनाच्या धडकेने पुढ्यात पडलेल्या बाईला सुमारे २० फूट फरफटत नेले. तपासात खोटा अहवाल दिल्याची कबुली कंपनीने पुढच्या वर्षी दिली. उत्तरपत्रिका परीक्षार्थीनेच तपासायची असेल तर निकाल ठरलेलाच आहे.

भारत या मंचाच्या १९९८ च्या कराराचा सदस्य आहे, २००६ पासून. त्या कराराखालचा जागतिक तांत्रिक नियम सर्वसहमतीने होतो. म्हणजे आपला नकार तिथे मोजला जातो. मग नकार नागपुरात कशाला वाया घालवायचा? जिनिव्हात जाऊन तीन अटी मांडा. चाचणीत हातगाडी, बैलगाडी, बुरख्यातली बाई, डोक्यावर भारा घेतलेला मजूर हे सगळे असले पाहिजेत. अपघाताची नोंद कंपनीच्या नव्हे, स्वतंत्र यंत्रणेच्या ताब्यात हवी. आणि चालक नसेल तेव्हा दोष गाडी बनवणाऱ्याचा, हे आधीच लिहून घ्यावे.

रस्ता पहिल्यांदा पायी चालणाऱ्याचा आहे. हे मान्य नसलेल्या नियमाला आम्ही सुरक्षा म्हणणार नाही.