नेले, की गेली?

मराठीत बाई परदेशी जात नाही, तिला नेले जाते. ‘यंदा यांनी मला युरोप दाखवला’, ‘मिस्टरांनी हौसेने सिंगापूर फिरवून आणलं’. जाणारा तो, दाखवणारा तो, आणि ती सामानासोबत. व्याकरणाची ही बाब वाटते तितकी साधी नाही. जोडप्याच्या पहिल्या लांबच्या सहलीचा बेत कोण आखतो, कोणाच्या पैशाने आणि कोणाच्या श्रमावर आखतो, हे बारकाईने पाहिले तर त्या घरातला सगळा कारभार कळतो.

यवतमाळसारख्या जिल्ह्यात परदेशी सहलीची चर्चा म्हणजे मध्यमवर्गाचे चोचले, असे आपल्यातल्याच काही मैत्रिणी म्हणतील. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी ज्या जिल्ह्याचे नाव देशभर झाले तिथे पॅरिस आणि रोम कशाला? पण मैत्रिणींनो, आज तालुक्याच्या गावातला शिक्षक, बँकेतला कर्मचारी, कृषी केंद्राचा मालक असे बेत करतो आहे. तो बेत करताना बायकोचे जे होते, तेच वावरातही होते. म्हणून हा प्रश्न आपलाच आहे.

गेल्या वर्षी दारव्हा तालुक्यातले एक जोडपे आमच्या केंद्रात कागद दाखवायला आले. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, लग्नाला चोवीस वर्षे झालेली, मुले शिकायला बाहेरगावी. बारा दिवस, चार शहरे : पॅरिस, ल्युसर्न, व्हेनिस आणि रोम. विमाने, रेल्वे, कुठे किती रात्री, सगळे सरांनी वहीत नीट उतरवले होते. मी ताईंना विचारले, “तुम्हाला यातलं काय बघायचं आहे?” त्या हसल्या. म्हणाल्या, “मले काय समजते त्यातलं? हे नेतीन तिकडं जाईन.” सर दुष्ट माणूस मुळीच नाहीत. बायकोवर त्यांचा जीव आहे. पण चोवीस वर्षांत हा प्रश्न त्यांच्याही मनात कधी आला नव्हता.

मग व्हिसाचा अर्ज निघाला. शेंगेन देशांचा अर्ज प्रत्येकाचा वेगळा असतो. जोडप्याचा म्हणून एक अर्ज नसतो. तिने स्वतः जायचे, बोटांचे ठसे स्वतः द्यायचे, सही स्वतः करायची. ज्या देशात सर्वांत जास्त दिवस मुक्काम त्या देशाकडे अर्ज करायचा, आणि मुक्काम सारखा असेल तर जिथे आधी पाऊल ठेवणार त्या देशाकडे. म्हणजे कोणत्या शहरात किती रात्री राहायचे हे आधी ठरले पाहिजे. ते तर सरांनी एकट्यानेच ठरवून टाकले होते. अर्जात व्यवसायाचा रकाना होता. तिथे लिहिले होते ‘गृहिणी’. खर्च कोण करणार या रकान्यात लिहिले होते ‘पती’.

या बाईच्या घरी सहा एकर वावर आहे. कपाशी आणि तूर. निंदण, वेचणी, मजुरांचा हिशेब, सगळे ती पाहते, कारण सर शाळेत असतात. वेचणीच्या सुरुवातीला सीतादही तिच्याच हातून होते. सातबारा मात्र सासऱ्यांच्या नावावर. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे विवरणपत्र नाही, त्यामुळे तिची कमाई दाखवणारा कागदच नाही. मी तो रकाना वाचून दाखवला तेव्हा त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “मंग वावरात जाते ते कोन?”

या प्रश्नाचे उत्तर तिथे बसलेल्या कोणाजवळ नव्हते.

पुढची गंमत तारखांची. सरांनी दिवाळीची सुटी धरली होती, कारण मे महिन्यापेक्षा तिकिटे स्वस्त. पण दिवाळी म्हणजे कपाशीच्या वेचणीचे दिवस. मजूर मिळवायला घरोघर फिरावे लागते ते त्याच पंधरवड्यात. मे महिन्यात वावर मोकळे असते. ताईंना विचारले असते तर त्यांनी दोन मिनिटांत सांगितले असते. त्यांचे काम हे काम म्हणून मोजलेच नव्हते, म्हणून ते अडेल हेही कोणाच्या ध्यानात आले नाही. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरातल्या बिनपगारी कामाला ते करणाऱ्या बाया दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे देतात आणि ते करणारे पुरुष ९७ मिनिटे, असे दिसले. ही पाच तास सहलीच्या आधी दुप्पट होतात. सासूबाईंची औषधे लावून ठेवा, गाईचे कोण पाहील ते ठरवा, दशम्या करा, चिवडा करा, ठेच्याची डबी घट्ट बांधा. विमानाचे तिकीट काढणे याला ‘प्लॅनिंग’ म्हणतात. या कामाला नाव नाही.

आणि शरीर? लग्नकार्य असो, देवदर्शन असो की सहल, पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या आपल्या बाया दुकानातून सुपारीसारख्या घेतात. सहलीच्या तारखा ठरवताना तिच्या पाळीची तारीख कोणी विचारत नाही. तारखा ठरल्या की शरीराने त्यात बसायचे. या गोळ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नयेत. पूर्वी कधी रक्ताची गुठळी झालेली असेल तर मुळीच नाही, कारण लांबच्या विमानप्रवासात तासन् तास एका जागी बसून गुठळीचा धोका वाढतोच. आणि पाळी आली तर आली. व्हेनिसमध्येही बायांना पाळी येते.

आता याच जिल्ह्यातला दुसरा प्रवास पाहा. पुसद-महागावकडच्या तांड्यांवरून दरवर्षी जोडपी ऊसतोडीला जातात. तिथे जोडप्याला ‘एक कोयता’ म्हणतात. एकटा माणूस म्हणजे ‘अर्धा कोयता’. उचल मुकादम नवऱ्याच्या हातात देतो. पहाटे उठून भाकरी थापणारी, दिवसभर मोळ्या बांधून डोक्यावर वाहणारी बाई त्या हिशेबात कुठेच वेगळी दिसत नाही. शिक्षकाची बायको आणि ऊसतोड कामगार बाई यांच्या दुःखाची बरोबरी मी करत नाही. ती करणे निर्लज्जपणाचे ठरेल. पण सहलीच्या जाहिरातीतला ‘प्रति जोडपे’ हा दर आणि मुकादमाचा ‘एक कोयता’ यांच्या मुळाशी हिशेबाची एकच रीत आहे. जोडपे एक, आणि त्या एकाचा मालक नवरा.

ही रीत जुनी आहे, आणि तिच्याविरुद्धची झुंजही जुनीच. १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून पुरुषांना जाब विचारला. पुढच्याच वर्षी अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून नवऱ्याशिवाय अमेरिकेला निघाल्या. तरीही आजपर्यंत आपण ‘गोपाळरावांनी पाठवलं’ असेच म्हणतो. सातासमुद्रापलीकडे वैद्यकीचा अभ्यास पुरा केला तो आनंदीबाईंनी. त्याच १८८३ साली पंडिता रमाबाई लहानग्या लेकीला घेऊन इंग्लंडला गेल्या. त्या विधवा होत्या, नेणारा कोणी नव्हता. १८८६ मध्ये त्या अमेरिकेत पोचल्या, तो देश पाहिला आणि त्याच्या लोकस्थितीवर मराठीत पुस्तक लिहिले. त्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिले, म्हणून त्यांना लिहिता आले.

कायदा आज आपल्या बाजूला आहे, घर मात्र त्याच्या मागे आहे. पासपोर्ट हा माणसाच्या स्वातंत्र्याचा भाग आहे हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ च्या मनेका गांधी खटल्यात सांगितले. डिसेंबर २०१६ च्या नियमांनी पासपोर्टसाठी विवाह प्रमाणपत्राची अट काढली, आणि घटस्फोटित वा विभक्त बाईला नवऱ्याचे नाव देणे बंधनकारक राहिले नाही. जून २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने बजावले की पासपोर्टसाठी बायकोला नवऱ्याची परवानगी किंवा सही लागत नाही. तरी पासपोर्ट हातात आला की तो जातो कुठे? नवऱ्याच्या कपाटात. परदेशात गेल्यावर त्याच्या कमरेच्या पाकिटात. दोघांचे पासपोर्ट, दोघांचे पैसे, चालू असलेला एकमेव फोन, सगळे एकाजवळ. स्टेशनवर चुकामूक झाली तर भाषा न येणारी ती बाई काय करील? परदेशात टाकून दिलेल्या बायकांच्या तक्रारी इतक्या आल्या की राष्ट्रीय महिला आयोगाला त्यासाठी वेगळा कक्ष चालवावा लागतो. आपला कागद आपल्याजवळ ठेवणे म्हणजे नवऱ्यावर अविश्वास दाखवणे नव्हे. नवरा स्वतःचा पासपोर्ट बायकोकडे ठेवत नाही, तेव्हा त्याला कोणी अविश्वास म्हणते का?

“एवढा हौसेनं नेतो आहे, तर त्यातही खोड काढायची?” असे लोक म्हणतील. हौसेला माझा विरोध नाही. विरोध आहे तो उपकाराला. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात २४ वे कलम विश्रांतीच्या आणि फुरसतीच्या हक्काचे आहे. याच जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ ऐवजी ‘सर्व माणसे’ हे शब्द यावेत म्हणून भारताच्या हंसा मेहता भांडल्या होत्या. फुरसत हा हक्क आहे, आणि हक्क कोणी कोणाला भेट म्हणून देत नाही.

मग करायचे काय? सातबाऱ्यावर बाईचे नाव लावण्यासाठी शेतकरी संघटनेने एकेकाळी लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली. ती मागणी अजून शिळी झालेली नाही, ती आधी पुरी करून घ्या. बचत गटाच्या बैठकीत एक दिवस नुसता पासपोर्टचा अर्ज समजून घ्या, परदेशी जायचे असो वा नसो. टी.सी.वर माहेरचे नाव आणि आधारवर सासरचे, हा घोळ तेव्हाच उघडा पडतो आणि वेळेत निस्तरता येतो. सहलीचा बेत होत असेल तर नकाशा स्वयंपाकघरात आणा. तारखा दोघांनी ठरवा, शहरे दोघांनी निवडा, आणि एक दिवस तरी असा ठेवा की तिने ठरवायचे आणि त्याने मागून चालायचे. पासपोर्ट, कार्ड, फोन, मुक्कामाचा पत्ता आणि भारतीय दूतावासाचा क्रमांक तिच्या पिशवीत वेगळा हवा. दशम्या करायच्याच असतील तर दोघांनी लाटा.

आणि ज्यांना पॅरिस परवडणार नाही त्यांनीही बसून राहू नये. मार्च २०२३ पासून एस.टी.त बायांना अर्धे तिकीट झाले, तेव्हापासून आमच्या गटातल्या किती तरी जणी पहिल्यांदा एकमेकींसोबत माहूरला, शेगावला, नागपूरला जाऊन आल्या. कोणी नेले नाही, त्या गेल्या. परतल्यावर त्या काय बघितले ते सांगतात, आणि ऐकणाऱ्या बाया विचारतात, आता पुढे कुठे?

दारव्ह्याच्या ताईंनी अर्जातला ‘गृहिणी’ हा शब्द खोडून ‘शेतकरी’ लिहिले. सरांनी तारखा मे महिन्यात ढकलल्या. सातबारा अजून सासऱ्यांच्याच नावावर आहे. तुमच्या गावात, तुमच्या गटात हा शब्द कोणकोणत्या कागदावर लिहायचा राहिला आहे, ते शोधा आणि आम्हाला कळवा.