ऊब सर्वांची, धूर तिचा



पौषातला गारठा पडला की अकोले तालुक्यात राजूरच्या आसपासच्या वाड्यांवर पहाटेच चूल पेटते. आधी आंघोळीचे पाणी, मग चहा, मग नागलीची भाकरी. तव्यावर भाकरी, वैलावर कालवण, आणि चुलीपुढे हात शेकत बसलेली म्हातारी माणसे नि पोरे. जेवणे उरकली तरी निखारे राखून ठेवतात. पावसाळ्यात ओले कपडे वाळतात तेही याच चुलीपाशी. एकाच जाळावर अन्न शिजते आणि घरही उबदार राहते.

योजना आखणाऱ्यांना यातले फक्त अन्न दिसते. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गरीब घरातल्या बाईच्या नावावर गॅस आला. हे चांगलेच झाले. पण टाकी संपली की पुढची विकत घ्यावी लागते. जोडणी तिच्या नावावर असली, तरी पैसा बहुतेक घरांत तिच्या हाती नसतो. सरपण मात्र ‘फुकट’ मिळते! ते फुकट दिसते, कारण मोळी वाहणाऱ्या डोक्याची मजुरी कोणी मोजत नाही. शिवाय १९८६ पासून इथल्या डोंगरांचा मोठा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे. तिथे लाकडाला हात लावायचा म्हणजे धास्ती, आणि तीही तिलाच.

‘गॅस असूनही बाया चूल सोडत नाहीत, सवय जडलीय,’ असे सहज बोलले जाते. आम्ही विचारतो, गॅसच्या शेगडीपुढे कोणी शेकत बसते का? टाकीने भाकरीची सोय केली, गारठ्याची केली नाही. मग चूल पेटणारच. आणि पेटली की ऊब सगळ्यांना मिळते, धूर मात्र फुंकणी हाती असलेलीच्या आणि तिच्या कडेवरच्या लेकराच्या छातीत जातो. घरातल्या अशा धुरामुळे २०२० या एका वर्षात जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

एका जाळावर दोन कामे करणे हे काही मागासलेपण नव्हे. लडाख-हिमाचलातही घर तापवणाऱ्या लोखंडी शेगडीवरच किटली नि भांडी चढतात. फरक एवढाच, की त्या शेगडीचा धूर नळीवाटे छपराबाहेर जातो. आपल्याकडेही १९८० च्या दशकात सरकारने निर्धूर चुली आणल्या. पण बसवलेल्या चुलींचे आकडे मोजले गेले, तडकलेली चूल नि काजळीने तुंबलेली नळी दुरुस्त करायला कोणी फिरकले नाही. २००२ मध्ये केंद्राने तो कार्यक्रमच गुंडाळला.

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. टाकी परवडेल अशा दरात मिळावी. ज्या घरात उबेसाठी जाळ लागतो, तिथे धुराची नळी असलेली चूल आणि तिची वर्षाकाठी डागडुजी हवी. चुलीचा आकार ठरवताना तिच्यापुढे बसणारीला आधी विचारावे. आणि शेकायला सगळे घर बसते, तर मोळी आणायलाही सगळ्या घराने जावे.

ग्रामसभेत रस्त्याचा, पाण्याचा विषय निघतो. येत्या सभेत चुलीचाही काढूया.