घरातली बात आणि लेकराचा जबाब

मागच्या वर्षी रमजानच्या आधी गावाकडून फोन आला. गाव जुन्नर-आंबेगाव पट्ट्यातलं, एवढंच सांगतो. जास्त सांगितलं तर मूल ओळखू येईल, आणि पोक्सो कायद्याचं कलम २३ नेमकं तेच रोखतं. फोनवर नात्यातले एक चाचा होते. "बेटा, तू कॉम्प्युटरवाला. एक व्हिडिओ आहे, तो कोर्टात चालेल असा करून दे." मी म्हटलं, पाठवू नका, कुणालाच पाठवू नका, मी येतो.

व्हिडिओ आठ-नऊ वर्षांच्या मुलीचा होता. घरातल्याच माणसाने जे केलं ते तिच्या तोंडून वदवून घेण्यासाठी मामाने काढलेला. एक नाही, चार. पहिल्यात आवाज नीट आला नाही म्हणून दुसरा, दुसऱ्यात ती रडली म्हणून तिसरा. "त्यानेच ना? खोलीतच ना? अम्मी बाहेर गेली तेव्हाच ना?" मुलगी मान हलवते. मामाची नियत साफ होती. पुरावा हातचा जाऊ नये, एवढीच त्याची धडपड.

माझं डोकं आधी सवयीप्रमाणे तांत्रिक बाजूला गेलं. मूळ फोन, फाईलची हॅश, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र. हे सगळं होण्यासारखं होतं. मग एका ओळखीच्या वकिलांना विचारलं. ते म्हणाले, हे चार व्हिडिओ आरोपीच्या वकिलाच्या जास्त कामाचे आहेत. प्रत्येक प्रश्नात उत्तर भरलेलं आहे. उलटतपासणीत पहिला मुद्दा हाच येणार: मुलीला पढवलंय, चार वेळा घोकून घेतलंय.

तेव्हापासून मी हा विषय वाचतोय. मी वकील नाही. पण आपल्या घरांमध्ये याबद्दल जे समज आहेत, ते दुरुस्त करण्यापुरतं तरी आता कळतं.

पहिला समज असा की साक्षीदार नाही, जखम नाही, म्हणजे केस नाही. घरात घडलेल्या गुन्ह्याला साक्षीदार कुठून येणार? न्यायालयांना हे माहीत आहे. प्रश्न समजत असेल आणि सुसंगत उत्तर देता येत असेल तर लहान मूलही साक्षीदार होऊ शकतं. हे जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ११८मध्ये होतं, १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात ते कलम १२४ आहे. महाराष्ट्रातल्याच दत्तू रामराव साखरे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९७मध्ये सांगितलं की मुलाचा जबाब विश्वासार्ह असेल तर एकट्या त्या जबाबावरही शिक्षा होऊ शकते. खटला खुनाचा होता, पण हे तत्त्व लैंगिक अत्याचाराच्या खटल्यांतही वापरलं जातं. दुसरा पुरावा मागणं ही सावधगिरी आहे, कायद्याची अट नाही. वैद्यकीय तपासणीत काही सापडलं नाही, एवढ्याने मूल खोटं ठरत नाही.

मग न्यायाधीश बघतात काय? गाभा बघतात. पोलिसांसमोरचा जबाब, दंडाधिकाऱ्यांसमोरचा जबाब आणि न्यायालयातली साक्ष, या तिन्हींत मूळ गोष्ट तीच आहे का. तारीख चुकली, वेळ मागेपुढे झाली, कपड्याचा रंग आठवला नाही, याने फारसं बिघडत नाही. मुलं कॅलेंडर बघून जगत नाहीत. पण मोठ्या माणसाचे शब्द मुलाच्या तोंडी आले, दर वेळी गोष्ट नव्याने वाढत गेली, तर शंका येते आणि ती यायलाच हवी. तलाकचा वाद किंवा जमिनीची वाटणी चालू असताना आलेली तक्रार न्यायालय बारकाईने बघतं. तो आरोपीचा हक्क आहे. आपल्या ओळखीतला माणूस आरोपी असेल तर हा हक्क आपल्याला पटकन आठवतो, ही गोष्ट वेगळी.

पोक्सोच्या कलम २९बद्दलही गैरसमज आहे. "आरोपीलाच निर्दोष असल्याचं सिद्ध करावं लागतं, मग आपल्याला काय करायचंय?" असं एक सुशिक्षित मित्र मला म्हणाला. ते गृहीतक आपोआप लागत नाही. मूल अठराच्या आतलं आहे आणि घटना घडली, हा पाया सरकार पक्षाने आधी घालायचा असतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१८मध्ये हे स्पष्ट केलं आहे. आणि तो पाया बहुतेक वेळा मुलाच्या जबाबाचाच असतो.

तो ढासळतो कुठे? न्यायालयात कमी, आपल्या ओट्यावर जास्त.

"घर की बात घर में." जमातीचे चार बुजुर्ग बसतात. आरोपीला काही महिने मुंबईला पाठवायचं ठरतं. आईला सांगतात, मुलीचं पुढे लग्न व्हायचंय. ती राहते त्याच्याच घरात, किराणा त्याच्याच कमाईतून येतो. तक्रार झालेलीच असेल तर साक्षीच्या दिवशी "रागाच्या भरात लिहून दिलं" एवढं एकच वाक्य बोलायला सांगतात. आई फिरते आणि तिच्यामागून मूलही. कायदा म्हणतो की मुलाची साक्ष दखल घेतल्यापासून तीस दिवसांत नोंदवावी आणि खटला शक्यतो वर्षात संपावा. प्रत्यक्षात जो उशीर होतो, त्याच काळात हे सगळं घडतं.

मूल फिरलं की खटला संपलाच, असंही नाही. गुजरातमधल्या एका खटल्यात नऊ वर्षांची मुलगी साक्षीत फिरली, तरी इतर पुराव्यांवरून सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये शिक्षा कायम ठेवली. राजस्थानातल्या १९८६च्या एका घटनेत मुलगी न्यायालयात एक शब्द बोलली नाही, नुसती रडली. उच्च न्यायालयाने २०१३मध्ये आरोपीला सोडलं. मार्च २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि सांगितलं की मुलाचं गप्प राहणं मोठ्यांच्या गप्प राहण्यासारखं मोजता येणार नाही. एकोणचाळीस वर्षं. पण तिथे दुसरा पुरावा होता. घरातल्या गुन्ह्यात आईची साक्ष आणि मुलाचा जबाब सोडला तर उरतं काय?

त्यामुळे जमातीतल्या तडजोडीला मी सलोखा म्हणत नाही. तो पुरावा मोडण्याचा प्रकार आहे. कायद्याच्या नजरेत तिला किंमतही नाही. ७ नोव्हेंबर २०२४च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की अशा गुन्ह्यात दोन्ही बाजूंनी समझोता केला म्हणून खटला रद्द करता येत नाही. शिवाय पोक्सोच्या कलम १९प्रमाणे ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवायचंच आहे. न कळवल्यास कलम २१खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. 'ज्याला कळलं' यात ट्रस्टीही आले, मौलानाही आले, मीही आलो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या प्रकरणात माहिती असून न कळवल्याचा आरोप असलेल्या डॉक्टरवरचा गुन्हा उच्च न्यायालयाने रद्द केला होता. २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा उभा केला.

कळवायचं म्हणजे मुलाला ठाण्यात बसवून ठेवायचं, असंही नाही. ओतूर असो, नारायणगाव असो की मंचर, मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे, गणवेश न घातलेल्या आणि शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यायचा असतो. न्यायालयात वकील मुलाला थेट प्रश्न विचारत नाहीत, न्यायाधीशांमार्फत विचारतात. साक्षीच्या वेळी आरोपी समोर दिसणार नाही याची काळजी घ्यायची असते. बालकल्याण समिती सोबतीला सहायक व्यक्ती देऊ शकते. हे आपोआप मिळत नाही, मागावं लागतं. आणि मागायला आईसोबत कुणीतरी लिहिता-वाचता येणारं माणूस लागतं. आपल्यातले किती जण पुण्यात, मुंबईत नोकऱ्या करतात! एक दिवसाची रजा टाकून राजगुरुनगरच्या न्यायालयात बसणं आपल्याला जमण्यासारखं आहे.

मूल काही सांगत असेल तर ऐकायचं. "मग काय झालं?" एवढंच विचारायचं, उत्तर सुचवायचं नाही, मोबाईल काढायचा नाही. ते काय बोललं ते त्याच्याच शब्दांत, तारीख घालून लिहून ठेवायचं आणि १०९८ला किंवा पोलिसांना कळवायचं.

चाचांना मी सांगितलं, व्हिडिओ पुसू नका, कापू नका, फोन आहे तसा तपास अधिकाऱ्याकडे जमा करा आणि पावती घ्या. मुलीला आता घरात कुणी काही विचारायचं नाही. चाचा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आणि जमातवाल्यांना काय सांगू?"

म्हटलं, तारीख पडली की राजगुरुनगरला जायला गाडी लागेल. आणि तिच्या अम्मीबरोबर दोन बायका.