परसबाग आणि खुराडे यांची सांगड घाला

फाल्गुन लागला की खानदेशातील शेतकऱ्याचे सारे लक्ष रानाकडे असते. गहू-हरभरा खळ्यावर येत असतो, केळीला पाण्याच्या पाळ्या वाढवाव्या लागतात, कापूस निघालेली जमीन नांगरावयाची असते. या गडबडीत घरामागचा परस मागे पडतो. तेथे तर एक जुनेच भांडण चालू असते. घरच्या बाईने गवार-भेंडीचे बी टोकावे आणि कोंबड्यांनी ते उकरून खावे. मग एक तर वाफा सोडून द्यावयाचा, नाही तर कोंबड्या विकून टाकावयाच्या, असाच निवाडा बहुधा होतो. आमच्या मते हा निवाडा चुकीचा आहे. परसबाग व कोंबड्या हे दोन निराळे धंदे नसून एकाच घरकामाची दोन अंगे आहेत, आणि सल्ला देणाऱ्यांनीही तो एकत्रच दिला पाहिजे.

नशिराबादचे उदाहरण घ्या. जळगाव व भुसावळ या दोन शहरांच्या मध्ये, महामार्गावर हे गाव वसले आहे. गावठी अंड्याला आणि ताज्या भाजीला दोन्ही बाजूंस गिऱ्हाईक आहे. भोवताली कापूस व केळी ही नगदी पिके असल्यामुळे रोजची भाजी मात्र पुष्कळांना विकतच घ्यावी लागते. ज्या घरामागे चार हात जागा उरली आहे, त्या घराने ती पडीक ठेवणे म्हणजे मुलांच्या ताटातील भाजी व अंडे आपल्या हाताने काढून घेण्यासारखे आहे.

भांडण मिटविण्याचा उपाय कामांच्या क्रमात आहे. प्रथम वाफा खोदावा व दोन-तीन दिवस उघडा ठेवून त्यात कोंबड्या सोडाव्यात. वर आलेली वाळवी, अळ्या, किडींचे कोष व तणाचे बी त्या वेचून खातात. तेवढे झाले की वाफा साफ करून भेंडी, गवार, चवळी यांचे बी लावावे आणि लगेच कूड घालावा. कुडासाठी तुरखाट्या उत्तम. कापसाच्या पऱ्हाट्या परसात रचून ठेवण्याची चाल मात्र सोडलीच पाहिजे. त्यांवर राहिलेल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते आणि पुढच्या हंगामात तीच आपल्या शेतात उतरते. २०१७ साली या अळीने महाराष्ट्रातील कापूस उत्पादकांचे किती नुकसान केले, हे खानदेशाला वेगळे सांगावयास नको. भाजी निघून वाफा मोकळा झाला की कूड उघडावा व पुन्हा कोंबड्यांना वाट द्यावी. हिवाळी भरिताच्या वांग्यांचा बहर सरला असला, तरी सर्वांत निरोगी झाडावरील एक-दोन फळे बियाण्यासाठी पिवळी होईपर्यंत राखून ठेवावीत.

खताविषयी एक सावधगिरी अवश्य पाळावी. कोंबडीची विष्ठा शेणखताहून अधिक कसदार असते. परंतु ती ताजी असताना रोपांच्या बुडाशी टाकली, तर मुळे करपतात. कोथिंबीर, मुळा, मेथी यांसारख्या कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाजीला ताजी विष्ठा घालणे आरोग्यासही घातक आहे. खुराड्यात भुसा किंवा वाळला पाचोळा अंथरावा. विष्ठेसह तो काढून सावलीत ढीग घालावा, त्यावर अधूनमधून पाणी शिंपडावे व महिन्या-पंधरा दिवसांनी ढीग खालीवर करावा. फाल्गुनात घातलेला ढीग मृग नक्षत्रापर्यंत वापरण्याजोगा होतो. म्हणजे आजचे परसातील काम उद्याच्या पावसाळी भाजीची तयारीच होय.

इतरत्र वसंत ऋतू आल्हादाचा असेल. आपल्याकडे तो उन्हाळ्याचा उंबरठा आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा कित्येक दिवस ४२-४३ अंशांवर असतो, प्रसंगी ४५ च्याही पुढे जातो. कोंबडीला घाम येत नाही. चोच उघडून धापा टाकणे हा तिचा अंग थंड करण्याचा मुख्य मार्ग. म्हणून सावलीची तजवीज आताच करावी. खुराड्यालगत गिलके, दोडके, कारले यांचे वेल लावून त्यांवर मांडव घातला, तर वैशाखात वर भाजी व खाली सावली असा दुहेरी लाभ होतो. वेलांच्या आळ्यांत केळीच्या वाळल्या पानांचे आच्छादन करून त्यावर तुरखाट्या दाबून ठेवाव्यात, म्हणजे कोंबड्या ते उकरणार नाहीत आणि पाणीही कमी लागेल. न्हाणीचे सांडपाणी याच वेलांकडे वळवावे. कोंबड्यांना पाणी मातीच्या पसरट भांड्यातून, सावलीत द्यावे व दिवसातून दोन-तीनदा बदलावे. दाणा सकाळी लवकर व सायंकाळी घालावा, भर दुपारी घालू नये. उन्हाळ्यात अंड्याचे कवच पातळ होते, त्यासाठी शिंपल्यांचा चुरा जवळ ठेवावा. खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवावयाची तर फाल्गुनाच्या आरंभीच ठेवावीत. २१ दिवसांनी पिले निघतात आणि ऊन फार तापण्यापूर्वी त्यांच्या अंगावर पिसे येतात. वैशाखातील अंडी उन्हानेच बिघडतात.

एवढे सारे करूनही एका आठवड्यात खुराडे रिकामे होऊ शकते. राणीखेत म्हणजेच मानमोडी हा रोग आला की हिरवट पातळ विष्ठा होते, मान पिळवटते, पाय-पंख लुळे पडतात व बहुतेक कोंबड्या दगावतात. रोग झाल्यावर त्यावर औषध नाही. आधी लस टोचणे हाच उपाय आहे. पिलाला ५ ते ७ दिवसांचे असताना डोळ्यात किंवा नाकात लासोटा लसीचा थेंब, व ८ ते १० आठवड्यांचे झाल्यावर आर-२-बी लस, हा क्रम ठरलेला आहे. मग ही लस घरोघर का पोहोचत नाही? लसीची कुपी शंभर किंवा त्याहून अधिक मात्रांची असते, ती थंड पेटीतच आणावी लागते आणि एकदा विरघळविली की दोन तासांच्या आत संपवावी लागते. आठ-दहा कोंबड्या पाळणाऱ्या एकट्या घराने ती आणावी कशी? सबंध गल्लीने एक दिवस ठरविला, तरच हे काम होते. आमच्या मते गावपातळीवरील कार्यकर्त्याची खरी परीक्षा येथेच आहे.

खानदेशाला याची जाणीव अधिक असावयास हवी. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातील पहिला बर्ड फ्लू आढळला, आणि मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातील काही गावांत परसातील कोंबड्यांपर्यंत तो पोहोचला. २०२१ साली नवापुरास पुन्हा तोच फटका बसला. राणीखेत आणि बर्ड फ्लू वरवर पाहता सारखेच दिसतात. लस टोचलेल्या कोंबड्या अचानक पटापट मरू लागल्या, तर शंका तत्काळ येते व खबर वेळेवर जाते. लस न टोचलेल्या खुराड्यात मात्र 'मानमोडी आली असेल' म्हणून प्रकरण झाकले जाते. अशी मरतूक झाल्यास कोंबड्या विकू नयेत, खाऊ नयेत, उकिरड्यावर टाकू नयेत. पशुवैद्यकीय दवाखान्यास त्याच दिवशी कळवावे.

२ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजना सुरू झाली, तेव्हा ग्रामसेवकाने शेती, जनावरे व आरोग्य या सर्वांचा सल्ला एकट्याने घरोघर न्यावा, अशी कल्पना होती. पुढे ग्रामसेवकाचा बहुतेक वेळ ग्रामपंचायतीच्या कारभारात जाऊ लागला. भाजीचा सल्ला कृषी विभागाकडे व कोंबडीचा पशुसंवर्धन विभागाकडे राहिला. कचेऱ्या दोन असण्यास हरकत नाही. पण परस एकच आहे आणि तो सांभाळणारी बाईही एकच आहे. तिच्याकडे बियाण्याची पिशवी घेऊन एकाने व लसीची पेटी घेऊन दुसऱ्याने निरनिराळ्या महिन्यांत जाणे, किंवा दोघांनीही न जाणे, यात तिचा तोटा आहे. सल्ला बहुधा ओट्यावर बसलेल्या पुरुषांना दिला जातो, हाही दोष दूर झाला पाहिजे. वाफा तिचा, खुराडे तिचे, तर सल्ला तिलाच द्यावा आणि अंड्यांचे पैसेही तिच्याच हाती राहावेत.

सबब आमची सूचना अशी : होळीपूर्वी प्रत्येक गल्लीतील कोंबड्यांची मोजदाद व्हावी. बचतगटाच्या बैठकीत भाजीचे बी व लसीचा दिवस ही दोन्ही कामे एकाच वेळी ठरवावीत, आणि जेथे पशुसखी आहेत तेथे त्यांना बरोबर घ्यावे. लस सकाळच्या थंड वेळी टोचावी. यास नवी योजना लागत नाही, मोठा खर्चही लागत नाही. कृषी व पशुसंवर्धन या दोन खात्यांच्या माणसांनी एका सकाळी एकाच परसात यावे, एवढेच लागते.